नातं पत्नी, महिने बारा

चिझुरुला नवऱ्याचं वाईट व्हायला हवं होतं, आणि ही गोष्ट तिने स्वतःपासून तरी लपवली नव्हती. त्याला आजार जडावा, अपघात व्हावा, असलं काही तिच्या मनात नव्हतं. तिला हवं होतं ते मोजता येण्यासारखं होतं. त्याच्या घरातल्या मागच्या खोलीत तेवीस अंशांवर ठेवलेल्या एकसष्ट बरण्या आपल्या हाती याव्यात. आणि त्या हातातून जाताना नोबुताकाला जेवढं दुखेल तेवढं दुखावं.

प्रत्येक बरणीत लाकडाचा भुसा होता, भुशात पांढरी बुरशी होती आणि ती बुरशी खात एकेक अळी बसली होती. या अळीचा पुढे शिंगाळा भुंगेरा होतो, काळा, तकतकीत, हरणाच्या शिंगांसारख्या जबड्यांचा. चांगल्या वंशाची जोडी शौकीन माणूस दीड-दोन लाख येन मोजून घेऊन जातो. नोबुताका दिवसा नळजोडणीचं सामान विकणाऱ्या कंपनीत नोकरी करायचा आणि जोडधंदा म्हणून 'कुरोइवा भुंगेरा केंद्र' चालवायचा. चालवायचा म्हणजे फोटो काढायचा, नेटवर लिलाव लावायचा, डब्यांवर चिठ्ठ्या छापायचा. अळ्या चमच्याने उचलून तोलणं, दर तीन महिन्यांनी बरण्या बदलणं, कुठल्या मादीला कुठला नर द्यायचा हे ठरवणं, ही कामं चिझुरुची होती.

त्यातही तिची एक स्वतःची रीत होती. या धंद्यात सगळे बापाच्या लांबीवर जातात. चिठ्ठीवर पहिला आकडा नराच्या मिलिमीटरांचा असतो. चिझुरुने पहिल्या वर्षापासून वहीत आया लिहिल्या. कुठल्या आईची अंडी किती दिवसांत फुटली, तिच्या लेकींची डोकी किती रुंद निघाली, नातवंडांचं वजन किती भरलं. तिसऱ्या वर्षी तिला दिसलं की मोठे नर मोठ्या बापांच्या पोटी जेवढे होतात त्याहून जास्त, रुंद डोक्याच्या आज्यांच्या घराण्यात होतात. मग ती त्याच वाटेने गेली. सातव्या वर्षी चौदाव्या आईच्या नातवाची लांबी एकोणनव्वद मिलिमीटर आणि वर दोन दशांश भरली.

त्या नराला नोव्हेंबरात कोफूच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. शौकिनांच्या मासिकाच्या माणसाने नोबुताकाला गमतीने विचारलं, घरात एवढे किडे, बायको वैतागत असेल. नोबुताका हसला.

"ती घाबरते हो किड्यांना. त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

चिझुरु त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिच्या नखांत भुसा होता आणि खिशात मोजपट्टी होती. सगळे हसले, आणि सवयीने तीही हसली. नंतर त्याच्या बोलण्यापेक्षा तिला स्वतःचं ते हसणं जास्त सलत राहिलं. तिसऱ्या आठवड्यात ती दोन बॅगा घेऊन थोरल्या बहिणीकडे, तोमोएकडे, निघून आली. बरण्या आणता आल्या नाहीत. बाहेर चार अंश होते आणि अळ्या वाटेतच गेल्या असत्या.

घटस्फोटाला नोबुताका लगेच तयार झाला. भुंगेऱ्यांना मात्र हात लावू देणार नाही म्हणाला. म्हणून प्रकरण कौटुंबिक न्यायालयाच्या समेट-खोलीत गेलं.

तिथे नवरा-बायको समोरासमोर येत नाहीत. दोघांच्या बसायच्या खोल्या वेगळ्या, आणि पाळीपाळीने आत बोलावतात. मध्यस्थ दोन होते: निवृत्त मुख्याध्यापक होसाका-सान आणि चष्मा साखळीला अडकवलेल्या अमेमिया बाई. जानेवारीतल्या पहिल्या बैठकीत होसाकांनी नोबुताकाचं म्हणणं सांगितलं. धंदा त्याने एकट्याने उभा केला, पत्नी गृहिणी होती आणि तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. धंद्यात फारसं उरतही नाही. पुराव्यादाखल सहा वर्षांच्या करविवरणपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. किड्यांची किंमत नगण्य आहे.

"आणि मुळात," होसाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, "तुम्हाला भीती वाटते ना त्यांची? मग नेऊन करणार काय?"

"मादीची अळी अठरा ग्रॅम भरली तर भीती नाही वाटत," चिझुरु म्हणाली. "आनंद होतो."

अमेमिया बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि प्रतींचा एक गठ्ठा तिच्याकडे सरकवला. घरी नेऊन वाचा, म्हणाल्या.

तोमोएचं खाली केस कापायचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या. ती सव्वीस वर्षं स्वतःचा कर स्वतः भरत आली होती. गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता, तो चढेपर्यंत पंचवीस मिनिटं मोकळी होती. हातमोजे काढून तिने गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पहिल्याच पानावर म्हणाली, "निळं भरतोय की. शहाणा आहे."

निळं विवरणपत्र म्हणजे नीट वह्या ठेवणाऱ्याला मिळणारी सवलत. कागद कधी काळी खरंच निळा असायचा, आता नाव तेवढं राहिलंय. वह्या नीट असल्या की नफ्यातून एक मोठी रक्कम सरळ वजा होते. शिवाय घरचं माणूस धंद्यात पूर्णवेळ राबत असेल तर त्याचा पगारही खर्चात धरता येतो. तोमोए आपल्या भाषेत हे सांगत पानं उलटत होती. घरच्या विजेचे सत्तर टक्के, गाडीचे नव्वद, सगळं धंद्याच्या खर्चात. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"चिझु, इकडे ये. ही कोण म्हणायची?"

रकान्यात नोबुताकाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. नाव: कुरोइवा चिझुरु. नातं: पत्नी. काम केलेले महिने: बारा. पगार: नऊ लाख साठ हजार येन.

चिझुरुने दुसऱ्या वर्षाची प्रत काढली, मग तिसऱ्या. सहाही वर्षांत तोच रकाना, तेच नाव, तेच बारा महिने. फक्त वय एकेकाने वाढत गेलेलं.

"अभिनंदन," तोमोए म्हणाली. "सहा वर्षं नोकरी केलीस आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही."

"मला तरी कुठे होता."

तिला कळायला मार्गच नव्हता. रक्कम अशी बेतलेली होती की तेवढ्या पगारावर तिला कर लागू नये, म्हणजे तिच्या नावाने कुठलं पत्र घरी येऊ नये. तोमोएने मान हलवली, बारकावा पटल्यासारखी. मग तिने नियम सांगितला. हा पगार खर्चात धरायचा तर दोन गोष्टी लागतात. माणसाने खरंच पूर्णवेळ ते काम केलेलं हवं, आणि पैसे खरंच त्याच्या हातात पडलेले हवेत. नुसते लिहून चालत नाहीत.

चिझुरुला एकदम लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण आठवलं. भाजलेला ईल मासा, भातावर. पैसे देताना नोबुताकाने पावती 'कुरोइवा भुंगेरा केंद्रा'च्या नावाने मागितली होती, आणि तिने विचारलं तेव्हा म्हणाला होता, सवय आहे गं.

"तू नवऱ्याबरोबर जेवली नाहीस," तोमोए म्हणाली. "मालकाबरोबर बैठक केलीस. अजून बघ, मजा पुढे आहे. वर्षाअखेरचा शिल्लक माल. सगळे भुंगेरे आणि अळ्या मिळून एक्केचाळीस हजार तीनशे."

"एका जोडीचे दोन लाख येतात, ताई."

"शिल्लक कमी दाखवली की नफा कमी दिसतो. त्याने एकेका किड्याची किंमत भुशाएवढी लावलीय." तिने पुन्हा हातमोजे चढवले. "करखात्याला कळवायचं पान आहे नेटवर. नावही द्यावं लागत नाही. दहा मिनिटांचं काम."

चिझुरुने नकार दिला. चहाडी करायची तिला लाज वाटत होती, हे एक कारण. आणि दुसरं सरळ हिशेबाचं होतं. आज कळवलं तर नोबुताकाला दंड बसेल आणि बरण्या त्याच्याचकडे राहतील.

"आधी बरण्या," ती म्हणाली.

"आणि मग?"

चिझुरुने टॉवेलांच्या घड्या घालायला घेतल्या.

फेब्रुवारी अर्धा सरला तसे नोबुताकाचे निरोप येऊ लागले. 'चौदा-ब च्या बरण्या तपकिरी दिसतायत, बदलायच्या का?' दोन दिवसांनी, 'एक अळी वर आलीय, हे बरोबर आहे का?' बरोबर नव्हतं. बुरशी खाऊन संपली की अळी वर येते, भुकेने हलत राहते आणि हलण्यात वजन घालवते. बरण्या महिनाअखेरपर्यंत बदलायला हव्या होत्या. चिझुरुने निरोप वाचला आणि उत्तर न देण्याने किती अळ्या जातील याचा अंदाज केला. चार ते सहा. त्या अळ्या तिने अंड्यापासून वाढवल्या होत्या. तरी तिने उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या बैठकीला ती सहा वर्षांच्या प्रती आणि आपल्या सात वह्या घेऊन गेली. आत बोलावल्यावर तिने दुसरं पान उघडून मध्यस्थांपुढे ठेवलं आणि विनंती केली की कुरोइवा-सानांना एकच विचारा: हा पगार दिला होता की नव्हता.

होसाकांनी पान वाचलं, अमेमिया बाईंनी वाचलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण वाचायला लागायला हवा त्याहून वेळ जास्त लागला. चिझुरुला बाहेर बसवून त्यांनी नोबुताकाला आत घेतलं. बसायच्या खोलीत तिच्यासमोर एक बाई मफलर विणत होती. तिच्या सतरा ओळी होईपर्यंत चिझुरुची पाळी पुन्हा आली नाही.

नोबुताकाचं उत्तर आलं होतं: पगार दिला होता. दर महिन्याला घरखर्चाचे पैसे द्यायचो, त्यातच तो होता.

"म्हणजे घरखर्च हा माझा पगार," चिझुरु म्हणाली. ती घरून मनात घोकून आली होती. "मग सहा वर्षं घर माझ्या पगारावर चाललं. तांदूळ, भाजी, त्यांची बिअर. नवरा म्हणून त्यांनी घरात काय घातलं ते विचाराल का? आणि त्यांच्या वाटणीचं जेवण मला परत हवंय. सहा वर्षांचं."

अमेमिया बाईंनी साखळीचा चष्मा काढून पुसला. ओठ दाबून धरलेले होते.

पुढची फेरी लांबली. चिझुरु पुन्हा आत आली तेव्हा होसाकांचा आवाज मुख्याध्यापकाचा झाला होता, दोन भांडणाऱ्या मुलांतलं एक नक्की खोटं बोलतंय हे कळल्यावर होतो तसा. ते म्हणाले की कुरोइवा-सान आता म्हणतायत, पगार द्यायचा राहून गेला. कराचा विषय आमच्या कक्षेतला नाही, आम्ही त्यात पडणार नाही. पण राहिलेला पगार हा तुमचा हक्क धरला तर तो सत्तावन्न लाख साठ हजार होतो. तुमची तेवढी मागणी आहे का?

"मला पैसे नकोत," चिझुरु म्हणाली. "मला शिल्लक माल हवा. सगळा. त्यांनीच लावलेल्या किमतीला."

तिने तो रकाना बोटाने दाखवला. एक्केचाळीस हजार तीनशे.

ती बाहेर जाऊन बसल्यावर या वेळी भिंतीपलीकडून नोबुताकाचा आवाज ऐकू आला. शब्द कळले नाहीत, पण सोळा वर्षांच्या संसारात तो आवाज तिने दोनदाच ऐकला होता: एकदा सासऱ्यांच्या मरणाला आणि एकदा वीज गेल्याने खोली बत्तीस अंशांवर गेली तेव्हा. तिने तो शेवटपर्यंत, काही न चुकवता ऐकला. छान वाटलं. वाटायला नको होतं असं तिला एकदाही वाटलं नाही.

नोबुताकापुढे दोनच वाटा होत्या. सत्तावन्न लाख त्याच्याकडे नव्हते. माल लिहिलेल्या किमतीहून महाग आहे असं म्हणायचं, तर सहा वर्षं कागदावर खोटी किंमत लिहिली असं होत होतं. शेवटी तो माल द्यायला तयार झाला. अट एकच घातली, आणि ती त्याच्या स्वभावाला धरून होती. जन्मभर प्रत्येक गोष्टीची पावती मागणारा माणूस. उद्या चिझुरु पुन्हा पगार मागायला उभी राहील ही धास्ती त्याला होती. तेव्हा समेटपत्रात सगळं स्पष्ट, नाव घेऊन लिहिलेलं हवं, मोघम चालणार नाही.

कारकुनाने मसुदा वाचून दाखवला. पती, पत्नीला धंद्यातील पूर्णवेळ कामाबद्दल देय असलेल्या व आजवर न दिलेल्या सहा वर्षांच्या पगाराच्या बदल्यात, खालील सजीव माल देईल. उरलेल्या पगारावरील हक्क पत्नी सोडेल.

'आजवर न दिलेल्या'. हे शब्द त्याने मागून घेतले होते. न्यायालयाच्या कागदावर, शिक्क्यानिशी.

"काही बदल?" अमेमिया बाईंनी विचारलं. त्या चिझुरुकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

"नाही," चिझुरु म्हणाली. "त्यांना हवं तसंच राहू दे."

दोन दिवसांनी ती तोमोएची गाडी घेऊन बरण्या आणायला गेली. गाडीत दीड तास हीटर चालू ठेवून तिने आधीच आतलं तापमान वीसवर आणलं होतं. नोबुताकाने दार उघडलं आणि बाजूला झाला. खोलीत आंबलेल्या भुशाचा वास होता. पाच अळ्या मेल्या होत्या. काळ्या पडून बरणीच्या काचेला चिकटलेल्या. तिने त्यांचे क्रमांक वहीत लिहून घेतले आणि जिवंत छप्पन बरण्या पेट्यांत भरल्या. तो मधेच पेटी धरायला पुढे आला, तिने पेटी दुसऱ्या हाताला घेतली.

शेवटच्या फेरीला त्याने विचारलं, "तू कराचं काही कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी कशाला चहाडी करू?"

त्याचे खांदे सैल झाले. तिने ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

मार्चमध्ये ती गावाबाहेरच्या अळिंबीच्या कारखान्यात अर्धवेळ लागली. बुरशीची बरणी तिच्याइतकी कुणालाच वाचता येत नव्हती. दुसऱ्या महिन्यातच तिला तपासणीवर घेतलं. भुंगेरे तोमोएच्या वरच्या खोलीत वाढत होते. तोमोए म्हणायची, खाली केस, वर किडे, गिऱ्हाइकाला कळलं तर डोकं खाजवतच येईल. जूनमध्ये कोष फुटले. चिझुरुने चिठ्ठ्या नव्याने छापल्या. पहिल्या ओळीत आई, दुसरीत आजी, बाप सगळ्यात खाली. सुरुवातीला लोकांनी नाक मुरडलं, मग कोणीतरी मोजपट्टी लावून पाहिली आणि ऑक्टोबरपर्यंत तिच्याकडे मागणी येऊ लागली.

तिने सगळी पिल्लं विकली नाहीत. पुढच्या पिढीसाठी दहा जोड्या राखल्या. त्यातली बावीस-अ ही जोडी तिला जपून ठेवायची होती. मादीचं डोकं आजवरच्या सगळ्या वह्यांत सर्वांत रुंद होतं. जुनी वाट खरी की नुसता योगायोग, हे तिच्या अंड्यांवरून कळणार होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी बहिणी वर्षाचा ताळा करायला बसल्या. भुसा, बरण्या, टपाल, वरच्या खोलीच्या विजेचा वाटा, असं सगळं वजा जाऊन चिझुरुच्या हाती भुंगेऱ्यांचे एक लाख पंचेचाळीस हजार उरत होते.

"देव पावला," तोमोए म्हणाली. "दोन लाखांच्या आत."

नियम पगारदारांसाठी होता. नोकरीचा कर कारखाना परस्पर कापतो. त्याबाहेरचं उत्पन्न वर्षाला दोन लाख येनच्या आत असेल तर करखात्याकडे विवरणपत्र भरावं लागत नाही. शहर कार्यालयाला एक साधं पान लिहून दिलं की झालं. तोमोएने गणकयंत्र बंद केलं आणि संत्रं सोलायला घेतलं.

"आणि त्याच्यावर गेलं तर?" चिझुरुने विचारलं.

"तर सगळं भरायचं. एकदा भरायला बसलं की मग काही वगळता येत नाही. वर्षात जे जे मिळालं ते..." तोमोएची सोलता सोलता गती मंदावली. "चिझु."

"समेटात मिळालेला माल. पगाराच्या बदल्यात. तो पगारच झाला ना?"

"एक्केचाळीस हजार. ते धरूनही दोन लाखांच्या आतच. त्याने काय फरक पडतो?"

"मला नाही पडत. पगार कुणी दिला त्याचं नाव लिहावं लागेल. आणि तो कसला, हे विचारलं तर 'आजवर न दिलेल्या' असं लिहिलेला कागद दाखवावा लागेल."

तोमोएने फोड तोंडात टाकली. मग म्हणाली की एवढंच करायचंय तर सरळ जाऊन सांग, मर्यादेत असलीस तरी भरायला तुला कोण अडवणार आहे?

"मग मी आपणहून केल्यासारखं होईल. चहाडी होईल ती."

"आणि हे काय आहे?"

"हे मला भाग पडेल," चिझुरु म्हणाली.

"भाग पडायला चौदा हजार कमी पडतायत, बाईसाहेब."

चिझुरु उठली. वरच्या फळीवरून तिने बावीस-अ चे दोन डबे खाली आणले. तोमोएने डब्यांवरचा क्रमांक वाचला आणि संत्र्याची साल टेबलावर ठेवली.

"ही नको. दुसरी कुठली तरी वीक. तू वर्षभर हिच्याबद्दलच बोलतेयस."

दुसऱ्या नऊ जोड्यांना महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नव्हती. बावीस-अ साठी नागानोचा एक म्हातारा ऑक्टोबरपासून दर आठवड्याला फोन करत होता. चिझुरुने मादीचा डबा उघडला. थंडीत सुस्तावलेली मादी भुशात अर्धी पुरून घेऊन बसली होती, तिचं रुंद काळं कपाळ तेवढं वर. चिझुरुने मोजपट्टी काढली आणि ते पुन्हा एकदा मोजलं, वहीत आकडा असूनही. मग म्हाताऱ्याला फोन लावला.

त्याने एक लाख सत्तर हजार सांगितले. तिने घासाघीस केली नाही. सव्वीस डिसेंबरला डबे, खाली उबेची पाकिटं घालून, टपालाने गेले. या मादीची अंडी आता नागानोला घातली जाणार होती आणि ती कोण मोजणार हे तिला ठाऊक नव्हतं. तोमोए दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नोबुताकाचं मला काही वाटत नाही. पण तू किड्याला त्याच्याइतकंच वापरलंस." चिझुरुला ते लागलं. त्यावर तिने वाद घातला नाही, आणि बेतही बदलला नाही.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला, विवरणपत्रं घ्यायला सुरुवात होते त्या पहिल्या दिवशी, ती सकाळी आठला करखात्याच्या मदत-सभागृहाबाहेर रांगेत उभी राहिली. आत दंडाला पट्टी लावलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने तिचे कागद घेतले. कारखान्याचा पगार, भुंगेऱ्यांची वही, पावत्या. सगळं तारखेवार लावलेलं पाहून तो खूश झाला. मग पगाराच्या रकान्यातली दुसरी ओळ त्याला दिसली.

"एक्केचाळीस हजार तीनशे. देणारे कुरोइवा नोबुताका. हे कसले म्हणायचे?"

"जुन्या पगाराच्या बदल्यात माल मिळाला होता. आता भरतेच आहे, तर सगळं भरायला हवं, असं बहीण म्हणाली."

"बरोबर म्हणाल्या. काही कागद आहे का त्याचा?"

तिने समेटपत्र पुढे ठेवलं. त्याने सहज वाचायला घेतलं, आणि एका ओळीवर त्याची मान थोडी पुढे झाली. त्याने ओळीवर पेन ठेवलं, शब्द धरून पुन्हा वाचली.

"पूर्णवेळ कामाबद्दल... आजवर न दिलेल्या, सहा वर्षांच्या." त्याने वर पाहिलं. "हे कुरोइवा-सान निळं विवरणपत्र भरायचे का?"

"मला धंद्यातलं काही कळत नाही," चिझुरु म्हणाली. "मी घरीच असायचे."

तो उठला, मागच्या टेबलावरच्या वयस्क माणसाकडे गेला आणि वाकून काहीतरी बोलला. वयस्क माणसाने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारची खुर्ची ओढली. तरुण परत आला तेव्हा त्याची रीत बदलली होती, अधिक अदबशीर झाली होती. याची प्रत काढून घेतली तर चालेल का, त्याने विचारलं. चिझुरु चालेल म्हणाली. आणि कुरोइवा-सानांचा पत्ता हाच आहे ना अजून?

तिने पेन मागून घेतलं. पत्ता रकान्यात आधीच होता. तिने त्याखालच्या मोकळ्या जागेत इमारतीचं नाव, मजला आणि दाराचा क्रमांक लिहिला, एकेक अक्षर वेगळं, कुणालाही एका नजरेत वाचता येईल असं.